गढी कोणाची, राज्य कोणाचं?

युरोपातल्या निरंकुश राजेशाहीचा धडा आपण शाळेत पाठ केला. आठवा हेन्री, रिशल्यू, चौदावा लुई, व्हर्सायचा राजवाडा. परीक्षा संपली आणि धडा विसरलो. पण त्याच तीनशे वर्षांत जामखेडच्या चहूबाजूंना काय चाललं होतं, हे त्या धड्यात कुणी सांगितलंच नाही. वायव्येला अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, दक्षिणेला परांडा, आणि तालुक्याच्या पोटातच खर्डा आणि चौंडी. पॅरिस-लंडनचे राजे ज्या खटपटीत होते, त्याच खटपटी या टापूतही चालल्या होत्या. मुजोर सरदारांना वठणीवर आणायचं, तोफा ओतायच्या, जमीन मोजायची, महसूल मधल्यामध्ये मुरू न देता खजिन्यात आणायचा. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की डोळे विस्फारतात. मांडूनच बघू.

सुरुवात एकाच दशकात

स्पेनमध्ये फर्डिनंड आणि इझाबेला यांनी १४९२ मध्ये ग्रॅनडा घेतलं आणि एकसंध स्पेनचा पाया घातला. त्याच्या दोनच वर्षं आधी, २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने बहामनी फौजेचा धुव्वा उडवला आणि निजामशाही स्वतंत्र झाली. जिथे विजय मिळाला, तिथेच त्याने १४९४ मध्ये आपल्या नावाचं शहर वसवायला घेतलं. फ्रान्सचा आठवा चार्ल्स पितळी तोफा घेऊन आल्प्स ओलांडून इटलीत उतरला, तेही १४९४ मध्येच. त्या तोफांपुढे इटलीतल्या जुन्या उंच तटबंद्या टिकेनात आणि युरोपात युद्धाचं गणितच बदललं.

या निजामशहांचं मूळ कुठलं, माहीत आहे? मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, लढाईत पकडला जाऊन मुसलमान झालेला. ही हकीकत इतिहासकार फरिश्ताने नोंदवली आहे, आणि फरिश्ताचं लहानपण नगरच्याच दरबाराभोवती गेलं होतं. पुढे पूर्वजांचं गाव म्हणून निजामशहांनी वऱ्हाडच्या इमादशहाशी भांडून पाथरी घेतलीच!

राजाने धर्म बदलला, राज्याचाही बदलला

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी नातं तोडलं आणि स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. नगरचा पहिला बुऱ्हाण निजामशहा अवघ्या तीन वर्षांनी, १५३७ मध्ये, शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाने शिया झाला आणि बारा इमामांच्या नावाने खुत्बा वाचला जाऊ लागला. हेन्रीविरुद्ध उत्तर इंग्लंडमध्ये बंड झालं, तसं बुऱ्हाणविरुद्ध नगरमध्येही उठलं. दोघांनी ती बंडं मोडून काढली.

दोन्हीकडे श्रद्धा होती, पण राजकारणही तितकंच होतं. हेन्रीला मठांच्या जमिनी मिळाल्या. बुऱ्हाणला इराणच्या शहाची मैत्री मिळाली आणि सुन्नी शेजाऱ्यांपेक्षा वेगळी ओळखही. राजाचा धर्म तोच राज्याचा धर्म, हे तत्त्व जर्मन राजांनी ऑग्जबर्गच्या तहात मान्य केलं, ते १५५५ मध्ये. नगरने तोवर हा प्रयोग करून अठरा वर्षं झाली होती.

नगरची तोफ, विजापूरची शान

विजापूरला जाणारा प्रत्येक पर्यटक शेरझा बुरुजावरच्या मलिक-ए-मैदान तोफेसमोर फोटो काढतो. ती विजापूरची नाहीच! १५४९ मध्ये ती नगरला ओतली गेली. ओतणारा तुर्की कारागीर मुहम्मद बिन हसन रूमी. हत्तीला जबड्यात धरलेल्या सिंहाचं तिचं तोंड, आणि वजन पंचावन्न टनांच्या घरात. मधली काही वर्षं ती परांड्याच्या किल्ल्यात होती. तिथून १६३२ मध्ये ती विजापूरला गेली.

अशी तोफ ओतायची तर मणामणाने तांबं आणि कथील लागतं, परदेशी कारागीर लागतो, ओढायला शेकडो जनावरं लागतात. एवढा खर्च गावच्या देशमुखाला झेपत नाही, राजालाच झेपतो. युरोपात लहान सरदार मागे पडले आणि राजे पुढे गेले, त्यामागचं एक मोठं कारण हेच. दारूगोळा महाग होता.

हिशेब कोणत्या भाषेत?

फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसने १५३९ मध्ये हुकूम काढला की कोर्टाची कागदपत्रं लॅटिनऐवजी फ्रेंचमध्येच लिहायची. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने त्याच्या थोडं आधी, १५३५ च्या सुमारास, महसुलाचे हिशेब फारसीतून काढून इथल्या लोकांच्या भाषेत आणले आणि दफ्तरात मराठी ब्राह्मण कारकुनांची वर्दळ वाढली. नगरलाही बुऱ्हाण निजामशहाने कावरसेन नावाच्या ब्राह्मणाला पेशवा नेमलं होतं. हो, पेशवा! पुण्याच्या भटांच्या कितीतरी आधी नगरला पेशवे होते. शिवाजी महाराजांनी तर राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथ पंडितांकडून करून घेतला. त्यात सुमारे १,४०० शब्द आहेत. रिशल्यूने फ्रेंच भाषेची अकादमी १६३५ मध्ये स्थापन केली होती. राज्य उभं राहायला लागलं की त्याला आपली भाषा हवीशी वाटतेच.

राजापेक्षा मोठा वजीर

१६०० हे साल नगरसाठी काळं. १५९५-९६ च्या वेढ्यात सुरुंगाने पडलेलं खिंडार रातोरात बुजवून घेणारी चांदबीबी त्या वर्षी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि ऑगस्टमध्ये किल्ला मुघलांकडे गेला. लंडनमध्ये त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेवर मोहोर उठवली.

राजधानी गेली, पण राज्य संपलं नाही. ते उचलून धरलं एका हबशी माणसाने. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर. त्याने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून काढला आणि जामखेडच्या दक्षिणेला असलेल्या परांड्यात त्याला गादीवर बसवलं. म्हणजे काही काळ निजामशाहीची राजधानी चक्क परांडा होती! पुढे अंबरने जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला आणि १६१० मध्ये खडकी वसवली, तेच नंतरचं औरंगाबाद. गनिमी काव्याने त्याने मुघलांना इतकं हैराण केलं की जहांगीर बादशहा आपल्या आठवणींत त्याला शिव्याच घालतो. एका चित्रात तर जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. ते चित्र आज आयर्लंडमधल्या डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

१६२४ मध्ये फ्रान्समध्ये तेराव्या लुईचा मुख्य मंत्री झाला कार्डिनल रिशल्यू, गादीवर न बसता राज्य हाकणारा माणूस. त्याच वर्षी नगरजवळच्या भातवडीला असाच दुसरा माणूस मुघल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना एकदम भिडला. अंबरने भातवडीच्या तलावाचं पाणी सोडलं. शत्रूच्या तळावर चिखलच चिखल. तोफा रुतल्या, घोडी अडकली. डच लोकांनी १५७४ मध्ये लायडनचा वेढा उठवण्यासाठी बांध फोडून असंच पाणी सोडलं होतं, आणि १६७२ मध्ये चौदाव्या लुईलाही त्यांनी पाण्यानेच अडवलं. भातवडीत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

अंबर १६२६ मध्ये गेला. नंतर शहाजीराजांनीही तोच डाव मांडला. संगमनेरजवळच्या पेमगिरीच्या किल्ल्यावर १६३३ मध्ये निजामशाहीतलं एक पोर गादीवर बसवून त्यांनी त्याच्या नावाने कारभार हाकला. १६३६ मध्ये शाहजहान आणि आदिलशहा यांनी तह करून निजामशाही आपसात वाटून घेतली. युरोपात सीमांचा नवा पायंडा पाडणारा वेस्टफालियाचा तह त्यानंतर बारा वर्षांनी झाला.

गढ्या पाडा!

आता या सगळ्या कथेचं मर्म. राजा निरंकुश कधी होतो? मुकुट घातल्याने होत नाही. मुलखातल्या दुसऱ्या कुणाकडे स्वतःचा किल्ला, स्वतःची फौज आणि स्वतःचा महसूल उरला नाही, की होतो.

रिशल्यूने हे नेमकं ओळखलं होतं. १६२६ मध्ये, ज्या वर्षी मलिक अंबर गेला त्याच वर्षी, फ्रान्समध्ये फर्मान निघालं: सरहद्दीवर गरज नसलेली आतल्या मुलखातली सरदारांची तटबंदी पाडून टाका. आणि इकडे? शिवाजी महाराजांनी काय केलं ते सभासदाच्या बखरीत आहे. देशमुख-पाटलांचे बुरुजबंद वाडे, हुडे, कोट पाडले आणि त्यांना सांगितलं, साध्या घरात राहा, तट नाही, बुरूज नाही. त्यांचे हक्क रोख आणि धान्यात ठरवून दिले, म्हणजे रयतेकडून मन मानेल ते उकळता येऊ नये. पगार जहागिरीने न देता रोख. प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे निरनिराळे अधिकारी, म्हणजे एकट्याच्या फितुरीने किल्ला जाऊ नये. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, आणि व्हर्सायला दरबार हलला १६८२ मध्ये. लुईने सरदारांना राजवाड्यात आणून मानपानात गुंतवलं. महाराजांनी त्यांना बिनतटाच्या घरात बसवलं. हेतू दोघांचा एकच होता, पण मला विचाराल तर महाराजांचा मार्ग रयतेला स्वस्तात पडला. व्हर्सायचा खर्च फ्रान्सचा शेतकरी पुढे शंभर वर्षं भरत राहिला.

मिठाचीच गोष्ट घ्या. लुईचा अर्थमंत्री कॉल्बेर याने १६६४ आणि १६६७ मध्ये परदेशी मालावर जबर जकाती बसवल्या, म्हणून त्याचं नाव जगभरच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आहे. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलं की बारदेशातून, म्हणजे पोर्तुगिजांच्या मुलखातून, येणाऱ्या मिठावर जकात इतकी चढवा की ते आपल्या कोकणातल्या मिठापेक्षा महाग पडावं. नाहीतर आपल्याकडचे मिठागरवाले बुडतील. हे पत्र उपलब्ध आहे आणि ते अर्थशास्त्राच्या प्रत्येक मराठी वर्गात वाचलं गेलं पाहिजे.

दोन म्हातारे बादशहा

चौदावा लुई ७२ वर्षं गादीवर होता, औरंगजेब ४९. दोघंही धर्माच्या बाबतीत कडवे, दोघांचीही शेवटची वर्षं न संपणाऱ्या लढायांत गेली. औरंगजेबाचा अंत कुठे झाला? नगरजवळ भिंगारला, ३ मार्च १७०७ रोजी. लुई गेला १७१५ मध्ये, आणि मागे गादीला उरला पाच वर्षांचा पणतू.

फ्रेंच लोकांना औरंगजेब चांगलाच माहीत होता. बर्निये नावाचा फ्रेंच वैद्य त्याच्या दरबारात वावरला होता आणि परत गेल्यावर त्याने हिंदुस्थानच्या कारभारावर थेट कॉल्बेरलाच पत्र लिहिलं. सगळी जमीन बादशहाची असली की देश कसा ओस पडतो, हा त्याचा मुद्दा. माहितीत चुका होत्या, पण पुढे मोंतेस्किएसारख्या विचारवंतांनी जुलमी राजवटीवर लिहिताना अशाच प्रवासवर्णनांचा आधार घेतला. लंडनमध्ये तर १६७५ मध्ये ड्रायडनचं औरंगजेबावरचं नाटक रंगमंचावर आलं, नायक जिवंत असताना!

आणि गढ्या परत आल्या

संभाजी महाराजांनंतर राजाराम महाराज जिंजीला अडकले. खजिना रिकामा होता. समोरून औरंगजेब मराठ्यांच्या सरदारांना वतनांचं आमिष दाखवत होता. अशा वेळी सरंजाम देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जो मुलूख जिंकेल त्याने तो खावा आणि फौज ठेवावी. राज्य वाचलं, पण थोरल्या महाराजांची शिस्त गेली. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात कळकळीने बजावलं आहे की वतनदार म्हणजे राज्याचे वाटेकरी, यांना सांभाळा पण मोकळं सोडू नका. फ्रान्समध्ये राजाने हे साधलं. आपल्याकडे ते निसटलं.

याचा दगडी पुरावा जामखेड तालुक्यातच उभा आहे. खर्ड्याचा किल्ला १७४३ मध्ये बांधला सुलतानराव निंबाळकरांनी. राजाने नव्हे, छत्रपतींनी नव्हे, पेशव्यांनीही नव्हे. एका सरदाराने, आणि तोही हैदराबादच्या निजामाच्या पदरचा. रिशल्यूने जे पाडायला लावलं, तेच इथे नव्याने उभं राहत होतं.

चौंडीची लेक

३१ मे १७२५. चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्येचा जन्म झाला. रशियाची कॅथरीन तिच्याहून चार वर्षांनी लहान, ऑस्ट्रियाची मारिया तेरेसा आठ वर्षांनी मोठी. जगाच्या इतिहासात तीन मोठ्या राज्यकर्त्या स्त्रिया एकाच पिढीत, आणि त्यांतली एक आपल्या जामखेडची!

मारिया तेरेसा १७४० मध्ये गादीवर आली तेव्हा बाईला वारसा नको म्हणून युरोपभर युद्ध पेटलं. कॅथरीनने १७६२ मध्ये नवऱ्याला पदच्युत करून गादी घेतली. अहिल्याबाईंचे पती खंडेराव कुंभेरच्या वेढ्यात १७५४ मध्ये पडले, सासरे मल्हारराव होळकर १७६६ मध्ये गेले, मुलगा मालेराव १७६७ मध्ये. राज्य गिळायला होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड आणि पेशव्यांचे काका राघोबादादा टपून होते. बाई खंबीर राहिल्या, माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला आणि युद्ध न पेटता कारभार त्यांच्या हाती आला. २८ वर्षं त्यांनी तो सांभाळला.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र पैशाची आहे. इंग्लंडच्या संसदेने राजाच्या घरखर्चाची वेगळी तरतूद केली ती १६९८ मध्ये. होळकरांकडे १७३४ पासून खासगी आणि दौलत असे दोन कप्पे होते; खासगीची जहागीर मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाने पेशव्यांनी दिलेली. काशीपासून रामेश्वरापर्यंतची देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा अहिल्याबाईंनी या खासगीतून केल्या. दौलतीच्या खजिन्यातला पैसा त्यासाठी काढला नाही. त्याच काळातल्या युरोपच्या 'प्रबुद्ध' राजांवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत. राजाचा पैसा वेगळा आणि रयतेचा वेगळा, ही साधी रेघ त्यांतल्या किती जणांनी पाळली?

एकच वर्ष: १७९५

११ मार्च १७९५. खर्ड्याचं रण. एका बाजूला हैदराबादचा निजाम अली खान, दुसऱ्या बाजूला सवाई माधवरावांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन. सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन, पडद्यामागे नाना फडणवीस. निजामाच्या कवायती पलटणी रेमंड या फ्रेंच माणसाच्या, शिंद्यांच्या पलटणी पेराँ या फ्रेंच माणसाच्या. दोघांच्या मायदेशात दोन वर्षांपूर्वी राजाचं डोकं गिलोटिनखाली गेलं होतं! निजामाच्या फौजेत बायकांची 'जफर पलटण'ही होती, बंदुका घेऊन कवायत करणारी.

निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला, पाणी तुटलं आणि शरण आला. दौलताबाद आणि भोवतालचा मुलूख, तीन कोटी रुपये, आणि वर त्याचा दिवाण मुशीर-उल-मुल्क ओलीस. एवढा विजय! सगळे मराठे सरदार एका झेंड्याखाली जमले ते हे शेवटचं.

१३ ऑगस्टला महेश्वरला अहिल्याबाई गेल्या. २४ ऑक्टोबरला रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंडची शेवटची फाळणी करून तो देश नकाशावरून पुसला. पोलंडमध्ये राजा निवडून यायचा आणि संसदेत एका सरदाराने नाही म्हटलं तरी सगळं काम बंद पडायचं. सरदार इतके मोकळे की राज्यालाच कणा उरला नाही. तीनच दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, शनिवारवाड्यात पडून जखमी झालेले सवाई माधवराव वारले. गादीच्या वादात दुसऱ्याच वर्षी महाडच्या तहात नानांनी निजामाकडून मिळवलेलं बरंचसं त्यालाच परत केलं. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला.

माझं मत स्पष्ट आहे. मराठे खर्ड्याला शौर्यात कमी पडले नाहीत, पैशात नाहीत, तोफांतही नाहीत. कमी पडलं ते केंद्र. शिवाजी महाराजांनी उभं केलेलं आणि नंतर सैल होत गेलेलं केंद्र. चौदाव्या लुईचं फ्रान्स पुढे क्रांतीत कोसळलं, राजा गेला, पण राज्ययंत्रणा टिकली आणि तिच्यावरच नवं फ्रान्स उभं राहिलं. पोलंडकडे ती नव्हती. १७९५ च्या ऑक्टोबरात आपल्याकडेही उरली नव्हती.

जामखेड तालुक्यातल्या शाळांना आणि इतिहासाच्या मास्तरांना एक विनंती: निरंकुश राजेशाहीचा धडा आला की मुलांना खर्ड्याच्या किल्ल्यात घेऊन जा आणि हा किल्ला राजाचा होता की सरदाराचा, एवढं विचारा. उरलेला धडा मुलं स्वतःच शोधून काढतील.